प्रधानजींचा पासवर्ड

ढगांच्या काठावर एक राज्य होतं. दिवेलागणीला तिथे घरोघरी मोबाईल काजव्यांसारखे चमकायचे.

एकदा प्रधान भद्रसेनाने दरबारात फर्मान वाचलं, "मुलांच्या मोबाईलना मी एक पासवर्ड घातलाय. आता कुणी लबाड आत शिरणार नाही. आईबापांनी मुलांशेजारी बसायची गरज नाही."

शेवंता नावाची एक आई उठली. "आणि तो कुणी ओळखला तर?"

"अशक्य! भल्याभल्या पंडितांना तो शब्द शुद्ध लिहिता येत नाही."

"मग तुम्हालाही जड जात असेल," शेवंता हळूच म्हणाली. "आम्ही मायलेकी अवघड शब्द रोज रांगोळीने गिरवतो." तिने दरबारातली रांगोळीची वाटी पुढे केली.

प्रधान चिडला. वाटी ओढून त्याने फरशीवर ठसठशीत लिहिलं, 'ज्योत्स्ना'. अक्षरं चांदण्यासारखी उजळली.

"वा, एकही चूक नाही! आता पासवर्ड साऱ्या राज्याला कळला," शेवंता म्हणाली.

दरबार हसला. प्रधान पायाने अक्षरं पुसू लागला.

राजाने शेवंताला विचारलं, "तुझ्या मुलीला कुणी असंच डिवचलं तर?"

"तीही चिडेल, महाराज. पण लिहिण्याआधी माझ्याकडे बघेल. मी शेजारीच बसलेली असते. प्रधानजींच्या शेजारी कुणी नव्हतं."