इंजिनातली चूल

आज गावात ज्यांच्या डोक्यावर केस उरले नाहीत, ते रांगत होते तेव्हाची ही गोष्ट. वऱ्हाडातल्या खापरगावावरून तेव्हा वाफेची छोटी गाडी जायची, आणि ती हाकायचा रावजी ड्रायव्हर. वळणावर आला की तो शिट्टी द्यायचा, दोन लांब आणि एक आखूड. म्हणजे, आलो, तवा ठेव. त्याची बायको गुणाबाई तवा ठेवायची, आणि रावजी पाय धूत असतानाच पहिली भाकर टम्म फुगायची.

मग रावजी तापाने गेला. पुढे डिझेलची गाडी आली आणि त्याचं इंजिन स्टेशनामागच्या भंगारात जाऊन पडलं. गुणाबाईला रावजीच्या चेहऱ्यापेक्षा ती शिट्टी जास्त आठवायची. हे ती लाजत सांगायची.

एक दिवस रसूल कटरवाला इंजिन कापायला गॅसची नळकांडी घेऊन आला. पण आत विस्तव असलेल्या इंजिनाला कटरवाले हात लावत नाहीत, हे रावजीनेच बायकोला सांगितलेलं. गुणाबाई आधीच आत बसली होती. तिने बंबात घागरीने पाणी ओतलं होतं, भट्टी पेटवली होती आणि कोळशाच्या फावड्यावर भाकर टाकली होती.

"बाई, आग इझव नं. मले कापा लागते."

"माही चूल हाये थे. पेटलेली चूल कोनी मोडते काय?"

रसूल भाकर खाऊन परत गेला.

असं म्हणतात, ती आग बारा वर्षं विझली नाही. आजूबाजूची सगळी इंजिनं कापली गेली, हे एक राहिलं. पण एवढ्याशा आगीत वाफ कुठली धरायला? गुणाबाई रोज शिट्टीची साखळी ओढायची, आणि इंजिन नुसतं सुस्कारा टाकायचं. तिचा जीव त्या शिट्टीत अडकला होता.

शेवटी नवा ठेकेदार आला. उद्या आगीवर पाणी ओतून इंजिन कापणार, म्हणाला. गुणाबाई तेव्हा पार थकली होती. मग गाव उठलं. कुणी गोवऱ्या आणल्या, कुणी कपाशीच्या पऱ्हाट्या, कुणी मोडकी बाज. भट्टी रसरसली, वाफेचा काटा चढला. गुणाबाईने साखळी ओढली.

दोन लांब, एक आखूड.

असं म्हणतात, ती शिट्टी सात गावांत ऐकू गेली आणि साती गावांतल्या बायांनी नकळत तवे ठेवले. ठेकेदाराच्या बायकोनेसुद्धा. ठेकेदार घरी जेवायला गेला आणि परत फिरकला नाही.

गुणाबाईने फावड्यावर भाकर टाकली आणि वळणाकडे बघत बसली. लोक बोलवायला गेले तेव्हा ती तशीच बसलेली होती, पण श्वास नव्हता. फावड्यावर अर्धीच भाकर उरली होती. आणि असं म्हणतात, इंजिनाच्या पायरीवर ओल्या पावलांचे ठसे होते.

ते इंजिन आजही गावाने बांधलेल्या छपराखाली उभं आहे. कापूस घरात आला की घरटी एक गोवरी गोळा होते, भट्टी पेटते, शिट्टी होते. बाया तवा ठेवतात. पहिली भाकर मोडून तिचा अर्धा भाग उंबऱ्यावर ठेवतात, शेजारी पाय धुवायला तांब्याभर पाणी. आणि ती भाकर निवेपर्यंत घरात कुणी जेवत नाही.