हात लावलेली पुडी

फार पूर्वी, वैद्य आपल्या औषधाची कृती सख्ख्या भावालाही सांगत नसत त्या काळी, नदीकाठच्या एका गावात एक वैद्य राहत होते. गाव त्यांना आबा म्हणायचं. त्या खोऱ्यात वैद्य पुष्कळ, पण प्रत्येकाची चूल वेगळी आणि प्रत्येकाची मुळी वेगळी. एकाला तापाचं औषध ठाऊक, तर दुसऱ्याला खोकल्याचं. ज्याला दोन्ही झालं तो बिचारा दोघांच्या भांडणातच अर्धा व्हायचा. आणि एखादा वैद्य मेला की त्याचं औषधही त्याच्याबरोबर सरणावर जायचं.

आबांचे वडील असेच गेले, अर्धी कृती ओठांवर ठेवून. त्या दिवसापासून आबांनी एकच ध्यास घेतला. ते गावोगाव फिरले, रुसलेल्यांच्या दारात बसून राहिले, शिव्याही खाल्ल्या. शेवटी घाटावरच्या धर्मशाळेच्या ओसरीवर सगळे वैद्य एकत्र आले. एक खल, एक चूल, आणि ज्याला जे येतं ते सगळ्यांनी शिकायचं, असं ठरलं. आपल्या घरची जेवढी ठाऊक होती तेवढी कृती आबांनी सगळ्यांच्या आधी सांगून टाकली. लोक त्या मंडळाला वैद्यसभा म्हणू लागले.

सभा जमली, पण लोकांची जुनी खोड जाईना. औषधापेक्षा त्यांचा विश्वास हातगुणावर. ओसरीवर कोणीही आलं की पहिला प्रश्न ठरलेला, "कोणाच्या हातचं?" आबांच्या पाटासमोर गर्दी आणि बाकीचे वैद्य माश्या मारत बसलेले. त्यांतला केरबा तर फारच मागे पडला. त्याचा पहिलाच रोगी साप चावलेला होता आणि विष अंगात पुरतं भिनल्यावर लोकांनी त्याला उचलून आणलं होतं. तो वाचला नाही. तेव्हापासून केरबाच्या हाताला यश नाही, ही गोष्ट खोऱ्यात पक्की झाली. शिकण्यात तो सगळ्यांच्या पुढे होता, पण हे बघतो कोण?

आबांनी यावर एक तोड काढली. औषध कोणीही करावं, पुडी कोणीही बांधावी. रोगी ती पुडी आबांपुढे धरायचा आणि म्हणायचा, "आबा, नुसता हात लावा." आबा पुडीला बोट लावायचे. लोक खूश आणि वैद्यांनाही काम. हे आपण सभेसाठीच करतो, असं आबा स्वतःला सांगायचे. पण खरं सांगायचं तर ते "हात लावा" त्यांच्या कानाला गोड लागायचं. थोर झाला तरी माणूसच तो.

एकदा केरबाने भीतभीत विचारलं, की आबा नसतील तेव्हा या पुड्यांचं काय होणार. मी कुठे पळून चाललोय, असं म्हणून आबा हसले आणि गोष्ट तिथेच राहिली.

पुढे डोंगरापलीकडच्या वैद्यांनाही सभेत आणावं असं आबांच्या मनात आलं. काठी घेतली, फडक्यात भाकरी बांधली आणि ते निघाले. तिकडे त्यांचं काम छान झालं. परत येताना त्यांची पावलं कशी हलकी पडत होती.

गावात शिरले तर ओसरीवर खांबाला टेकून कुंभाराची सून बसली होती. तिने पदराची गाठ सोडली आणि एक पुडी आबांपुढे ठेवली. पुडी उघडलेलीच नव्हती. तिच्या मुलाला ताप भरला होता. केरबाने लगेच औषध दिलं, ते घरी गेल्यागेल्या मधातून चाटवायला बजावून सांगितलं. तिने ते पदराला बांधलं आणि रोज आबांची वाट पाहिली.

"औषध होतं, आबा," ती म्हणाली. "पण तुमचा हात लागायचा राहिला होता."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. आबांनी पुडी उघडली. गुळवेल, काडेचिराईत, सुंठ. त्यांनी स्वतः दिलं असतं तर हेच दिलं असतं. पोर औषधावाचून गेलं नव्हतं, ते आबांच्या बोटावाचून गेलं होतं. आबांना आपल्या हाताची लाज वाटली. बाप विद्या घेऊन गेला म्हणून आपण सभा उभारली, आणि त्या सभेचं कुलूप मात्र आपल्याच बोटाला लावून ठेवलं, हे त्यांना त्या ओसरीवर पहिल्यांदा कळलं. ते तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले.

दुसऱ्या दिवसापासून आबांनी कोणत्याही पुडीला हात लावला नाही. लोकांनी विनवण्या केल्या, मग ते चिडले. म्हातारा माजला असं म्हणत कितीतरी जण अंगारा-धुपाऱ्याच्या वाटेला लागले. ओसरी ओस पडत चालली. वैद्य कुरकुरू लागले की बोट लावायला काय जातं, अशाने सभा मोडेल. आबांनी त्यांना कोपऱ्यात जपून ठेवलेली कुंभाराच्या सुनेची पुडी दाखवली आणि एवढंच म्हणाले की बोटाची किंमत मला कळली आहे. पण आतून त्यांचाही जीव तुटत होता. जन्माची कमाई डोळ्यांदेखत पांगत होती.

अशातच आबांना तापाने गाठलं. कुंभाराच्या सुनेचं पोर गेलं तोच ताप होता. वैद्य त्यांच्या अंथरुणाभोवती जमले आणि आपापसांत ठरवू लागले की औषध कोणी द्यायचं. सगळ्यांची भीती एकच होती. आबांना काही झालं, तर देणाऱ्याचा हात कायमचा बदनाम होईल आणि सभेची उरलीसुरली पतही जाईल. कोणी म्हणालं, आबांनी आपलं औषध आपणच घ्यावं, म्हणजे कोणावर बोल नाही.

आबांनी डोळे उघडले. उद्या बाजाराचा दिवस, तेव्हा मला ओसरीवर न्या, असं त्यांनी सांगितलं.

बाजाराच्या दिवशी सगळं खोरं घाटावर लोटलं होतं. आबांना त्यांच्या पाटावर बसवलं. अंग तापाने फणफणत होतं, तरी आवाज स्पष्ट होता. त्यांनी केरबाला हाक मारली.  गर्दीतून एक म्हातारी पुटपुटली, की आता काही आबा उठत नाहीत.

 केरबा जवळ येऊन हळूच म्हणाला, "आबा, माझ्या हातून नको. तुमचं काही बरंवाईट झालं तर माझं जाऊ द्या, पण सभा बुडेल."

"हात मी बघतच नाही," आबा म्हणाले. "पुडीत काय आहे ते सांग."

केरबाने सांगितलं. कुंभाराच्या सुनेच्या पदरात होतं तेच.

"बरोबर आहे. दे." मग आबांनी लोकांकडे पाहिलं. "मी गेलो तर माझं वय झालं म्हणून गेलो. औषध बरोबर आहे. हे आत्ताच सांगतो, मागून मला सांगता येणार नाही."

केरबाने मधात कालवलेलं औषध त्यांच्या जिभेवर ठेवलं.  आबांचा चेहरा शांत होता.

ताप हळूहळू उतरला. आबा भिंतीला धरून चालू लागले, पुन्हा ओसरीवर येऊन बसू लागले. आणि लोकांचं बघा. तेच लोक आता केरबापुढे गर्दी करून उभे राहिले. केरबाच्या हाताला गुण आला, अशी हवा खोरंभर झाली होती. जो तो पुढे होऊन पुडी धरू लागला. "केरबा, नुसता हात लावा."

सगळं आयुष्य केरबा याच शब्दांना भुकेला होता. त्याने आबांकडे पाहिलं.  ज्या घासाने आपल्याला भुलवलं तोच आता याच्या ताटात आला आहे, हे आबा ओळखून होते, आणि तो खायचा की बाजूला सारायचा हे त्याचं त्यानेच ठरवायचं होतं.

केरबाने दोन्ही हात पाठीमागे बांधले. आबा काठी टेकत उठले, आपला पाट त्यांनी पायाने पुढे सरकवला आणि स्वतः खाली जमिनीवर बसले. केरबाच्या सांगण्यावरून बाकीच्या वैद्यांनी सगळ्या पुड्या त्या पाटावर मांडल्या.

"उचला," तो म्हणाला.

लोक घोटाळले. एकाने विचारलंच, "मग हे कोणाच्या हातचं म्हणायचं?"

"उचललं की तुमच्याच हातचं," केरबा म्हणाला.

 मग गर्दीतून कुंभाराची सून पुढे आली. कडेवर तिची धाकटी मुलगी होती, तापाने मलूल झालेली. तिने पाटावरून तापाची पुडी उचलली. पदराला बांधली नाही. तिथेच बसून मध मागितला आणि ओसरीवरच मुलीला चाटवली. आबांनी डोळे पुसले, आणि ते कोणी पाहिलं तरी त्यांना चाललं.

काही वर्षांनी आबा गेले. गाव रडलं, पण त्या दिवशीही ओसरीवर खलाचा आवाज बंद पडला नाही, आणि एकही औषध त्यांच्याबरोबर सरणावर गेलं नाही. तो पाट अजून तिथे आहे. त्यावर कोणी बसत नाही, पुड्याच मांडतात.

तात्पर्य एवढंच: दुसऱ्याच्या हातात विद्या देणं थोरच, पण तिच्यावरून आपला हात वेळेवर काढून घेणं, हे त्याहून अवघड आणि त्याहून थोर.