पगाराची दवंडी

तांबवेगडच्या दवंडीखात्याचे प्रमुख विश्वंभरपंत. सगळ्या दवंडीवाल्यांचा मिळून होईल त्याहून जास्त पगार ते एकटेच गुपचूप उचलतात, हे बाहेर फुटलं आणि लोकांचा दवंडीवरचा विश्वासच उडाला. नदीला पूर येतोय अशी दवंडी पिटली, तरी बायका घाटावर निवांत धुणं धूत राहिल्या.

राजा हादरला. पंत मात्र ऐटीत म्हणाले, "महाराज, मोठे नगारे आणि जरीचे फेटे द्या. लोक धावत येतील."

राजाची आत्या खुदकन हसली. "फेटे कशाला? पंतांनीच चौकात उभं राहून आधी स्वतःचा पगार सांगावा, मग पुराचं सांगावं."

"आत्यासाहेब, लोक हसतील मला!"

"हसायला तरी घराबाहेर येतील ना? आणि स्वतःची अब्रू घालवणारं बोलणं कुणालाच खोटं वाटत नाही. त्याच दमात पूर सांगा, तोही खरा वाटेल."

हलगी वाजली. पंतांनी मान खाली घालून पगार सांगितला. अख्खा चौक पोट धरून हसला. मग पंतांनी पुराचं सांगितलं, आणि हसता हसताच लोकांनी गाठोडी उचलून टेकडीची वाट धरली.

पूर आला, तेव्हा घाटावर त्याला साधं धुणंसुद्धा सापडलं नाही.