भुरीचा भुलभुलैया

फार पूर्वी भुरी नावाच्या घुशीने सशांच्या पिल्लांना खेळायला जमिनीखाली भुलभुलैया खोदला. तिचा आधीचा भुलभुलैया कोल्ह्याने पाहून हुबेहूब तसाच खोदला होता. म्हणून या वेळी तिने प्रत्येक वळणावर काटेरी दार बसवायचं ठरवलं.

“मावशी, कधी खेळायचं?” पिल्लं रोज विचारत.

“एकच दार राहिलंय, बाळांनो.”

असं करता करता हिवाळा सरला. अखेर तिने पिल्लांना बोलावलं, तर पिल्लं पहिल्याच दारात ओरबाडली गेली. कोल्हा मात्र बाजूने बीळ खोदून कधीच सगळं पाहून गेला होता. टेकडीपलीकडे तोच भुलभुलैया, दारांशिवाय, जोरात चालला होता.

भुरी गोंधळली. “मग मी अडवलं तरी कोणाला?”

शेजारी सशीण लेकराच्या पायातला काटा काढत होती.