पिपाचे फळ

एका राज्यात, चीन देशीच्या डोंगरांत, एका राजाने मांत्रिकाची बाग बळकावली. त्या बागेत एक झाड पिवळ्या, लवदार फळांनी लगडले होते. जाताना मांत्रिक म्हणाला, "राजा, या फळाला अजून नाव नाही. बिननावाचे फळ जो खाईल, त्याची वाचा जाईल."

राजाने हे कोणाला सांगितले नाही. धाकटी राजकन्या निंग हिने फळ खाल्ले आणि ती मुकी झाली.

थोरली युएरू झाडापाशी गेली. फांदीवरची साळुंकी बोलली, "राजकन्ये, फळाचे खरे नाव घे, शाप उतरेल. मात्र तीनच वेळा घेता येईल. चुकलीस तर तुझेही काही जाईल."

राजाने तिचा हात धरला. "एक लेक मुकी झाली. आता तुला गमावू?"

"तात, निंग मला हाक मारीत नाही. ते मला सोसवत नाही."

युएरू म्हणाली, "सुवर्णफळ." तिचे काळेभोर केस पांढरे झाले.

ती म्हणाली, "मधुफळ." तिची दृष्टी गेली.

राजा खाली बसला. निंगला रडताही येईना. तिने आपले पिपा नावाचे तंतुवाद्य आणवले आणि बहिणीचा झोपताना ऐकायचा आवडता सूर छेडू लागली. युएरू चाचपडत सुराकडे आली. एका हातात फळ होते, दुसरा वाद्यावर पडला. खाली फुगीर, वर निमुळते. तिने फळ चाचपले, पुन्हा वाद्य चाचपले. दोहोंचा आकार एकच.

"पिपा," ती हलकेच म्हणाली.

"ताई, तुझे केस पुन्हा काळे झाले," निंग म्हणाली.

युएरूला प्रथम दिसला तो बहिणीचा हसरा, ओला चेहरा. तिघे कितीतरी वेळ एकमेकांना धरून बसले. मग राजा स्वतः चालत गेला, मांत्रिकाची क्षमा मागितली आणि बाग त्याला परत दिली.

साळुंकीने एक बी चोचीत धरले आणि समुद्रापार जपानच्या बेटांवर नेऊन टाकले. तिथे झाड वाढले, फळे धरली. तिथले लोक त्या वाद्याला बिवा म्हणत. साळुंकीने नावाची हकिगत सांगताच ते फळालाही बिवा म्हणू लागले आणि पोरेबाळे ते निर्धास्त खाऊ लागली.