साळिंदराच्या दारातली पाटी

पाखरं वाटा सांगायची, त्या काळातली ही गोष्ट. रानात कोणाला काही हवं असलं की तो टिटवीला विचारायचा आणि टिटवी नेमकं घर दाखवायची.

त्याच रानात एक साळिंदर औषधी मुळ्या द्यायचा. हाताला गुण होता, पण त्याच्याकडे कोणी फिरकत नसे. म्हणून त्याने बिळाबाहेर पाटी लावली आणि तिच्यावर वीस वेळा एकच शब्द लिहिला: औषध. ती पाहून टिटवीने पायात काटा रुतलेलं भेकराचं पिल्लू तिकडे पाठवलं. पण काट्यावर इथे काही मिळतं का, हे पाटीवरून त्याला कळेना. त्यात दारापुढे करवंदीच्या जाळ्या. ते लंगडतच परतलं.

त्यानंतर टिटवी तिकडे कोणालाच पाठवेना. साळिंदर तणतणत तिच्याकडे गेला.

"टिटवीताई, वीसदा लिहिलंय. अजून किती लिहू?"

"पाटी मी एकदाच वाचते, दादा," टिटवी म्हणाली. "मग परतणाऱ्यांचे पाय बघते. ते पिल्लू अजून लंगडतंय."

घरी येऊन साळिंदराने आधी जाळ्या तोडल्या. मग पाटी पुसून काटा कसा काढायचा ते सोप्या शब्दांत लिहिलं. चार दिवस कोणी आलं नाही. तो रोज वाट झाडत राहिला.

पाचव्या दिवशी वाट मोकळी दिसली म्हणून तेच पिल्लू आईबरोबर आलं. आईने पाटी वाचून काटा काढला, साळिंदराने मुळी उगाळून लावली. पिल्लू उड्या मारत निघालं.

वाटेतल्या खडकावरून टिटवीने त्याचे पाय पाहिले. मागून येणाऱ्या लंगड्या सशाला ती एवढंच म्हणाली, "या वाटेने जा."