पहिली वेलांटी

“मग चूक तशीच ठेवायची होती का, सर?”

हृषीकेशनं हे विचारलं तेव्हा मी ताकाचा तांब्या घेऊन दारात पोचले होते. मागं फिरायला हवं होतं. फिरले नाही. शेजारच्या घरात काय चाललंय हे कळल्याशिवाय मला जेवण जात नाही, हे अख्ख्या कॉलनीला ठाऊक आहे.

डिंगणकर सर खिडकीपाशी शेवग्याच्या शेंगा सोलत होते. त्यांनी हातातली शेंग संपवली. दुसरी घेतली.

“या, वहिनी,” एवढंच म्हणाले.

मी तांब्या टेबलावर ठेवला आणि उंबऱ्याजवळच्या स्टुलावर टेकले. बसा असं कुणी म्हटलं नव्हतं.

सर म्हणजे आयटीआयमधले जुने शिक्षक. सूतगिरणी बंद पडली, कॉलनी निम्मी रिकामी झाली, त्यांच्या बाई गेल्या, तरी सर इथंच राहिले. एकोणीस वर्षांपूर्वी त्यांनी एक भाषा केली. आपण बोलतो तसली नव्हे, कॉम्प्युटरला हुकूम द्यायची. पण मराठीत. मला त्यांनी एकदा समजावून सांगितलं होतं. टाकी भरली तर मोटर बंद करा, नाहीतर चालू ठेवा, असं तुम्ही घरी यजमानांना सांगता ना, तसंच मशीनला सांगायचं. मी विचारलं, मशीन ऐकतं का? आमचे हे तर ऐकत नाहीत. सर खूप हसले होते तेव्हा.

भाषेचं नाव ओसरी.

ती त्यांनी इंटरनेटवर खुली ठेवली. मालक कुणी नाही. कुणीही यावं, वापरावी, मोडलेलं दिसलं तर नीट करावं, नवं सुचलं तर जोडावं. घरात शिरायला बोलावणं लागतं, ओसरीवर टेकायला लागत नाही, असं सर म्हणायचे.

आणि लोक टेकत होते. कुठला कुठला एक शिंपी, तो गिऱ्हाइकांची मापं ओसरीवर ठेवायचा. पाटबंधाऱ्यातली एक बाई, ती पाण्याच्या पाळ्या लावायची. मास्तर होते, दुकानदार होते. सगळे आपापली कामं सांभाळून यायचे, काहीबाही दुरुस्त करून जायचे. सर मला त्यांची नावं सांगायचे, पाहुण्यारावळ्यांची सांगावीत तशी.

हृषीकेश लाटकर त्यातला सगळ्यांत हुशार. पुण्याला मोठ्या नोकरीत. सहा वर्षांपूर्वी सरांनी ओसरीची किल्लीच त्याच्या हाती दिली. म्हणजे कुणाचं काय घ्यायचं, काय बदलायचं, ते यापुढं त्यानं ठरवायचं. रोज संध्याकाळी नोकरीवरून आला की तो तिच्यावर बसायचा. निम्मी ओसरी त्यानं नव्यानं बांधली, असं सर कौतुकानं सांगत.

माणूस गुणी. खोड एकच. त्याचं नाव कुणी ऋषिकेश असं लिहिलं की तो थांबवायचा. ह-ला ऋकार, ष-ला दुसरी वेलांटी. मलाही पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. तेव्हापासून मी त्याला लाटकर म्हणते. त्यात चुकायला जागा नाही.

त्या दिवशी तो सकाळच्या गाडीनं आला होता. दाढी वाढलेली, शर्टाची कॉलर आत दुमडलेली. मी विचारलं, जेवलात का? तर हो म्हणाला. टेबलावरच्या पोह्यांच्या बशा तशाच होत्या.

“ठेवायची होती का?” त्यानं सरांना पुन्हा विचारलं.

सर शेंग सोलत राहिले.

भानगड एका वेलांटीची होती. ओसरीत एक शब्द होता, नाहितर. असं असेल तर हे कर, नाहितर ते कर. त्यात हि पहिला. खरं म्हणजे दुसरा हवा, नाहीतर. मला हा फरक त्या दिवशी कळला, त्याआधी नाही.

तो शब्द सरांनी घातलेला नव्हता. बाहेरून जो पहिला माणूस ओसरीवर आला, त्याचा तो. बाबू कोळेकर. जतकडच्या एका शाळेत शिपाई. रविवारी शाळेच्या कॉम्प्युटरवर बसून आपला आपण शिकलेला. सरांच्या भाषेत तेव्हा जर होतं, तर होतं, त्यापुढचं नव्हतं. ते कोळेकरनं करून पाठवलं. तोंडात होतं तसं लिहून पाठवलं. सरांनी ते घेतलं. पुढं अठरा वर्षं जो येईल तो तसंच लिहीत गेला.

मागच्या उन्हाळ्यात हृषीकेशनं ती वेलांटी बदलली.

“पाचवीतल्या मुलाला कळेल अशी चूक, सर,” तो म्हणाला. “मराठीतली भाषा म्हणून आपण मिरवतो आणि... मला लाज वाटायची.”

बदलल्यावर मशीनला जुना शब्द ओळखू येईना. ज्यांनी ज्यांनी नाहितर लिहिलं होतं त्यांची कामं एका दिवसात अडली. शिंप्याची मापं अडली, पाण्याच्या पाळ्या अडल्या. मग भांडण लागलं. एका वेलांटीवरून तीनशे अकरा निरोप, हृषीकेशनंच आकडा सांगितला. नियम काय म्हणतो, बोली काय म्हणते, कुणाचं शुद्ध आणि कुणाचं अशुद्ध. हा पाच महिने नियमाला धरून बसला. कुणीतरी लिहिलं, भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. ते याला फार लागलं. मी तर भटही नाही, असं सरांना सांगताना तो थोडा हसला. सरही हसतील असं त्याला वाटलं असावं.

सर हसले नाहीत.

जे भांडत नव्हते ते गुपचूप उठून गेले. मग ऐकायला कुणी उरलं नाही म्हणून भांडणारेही गेले.

कोळेकर भांडला नव्हता. त्यानं शाळेची घंटा ओसरीवर बसवली होती. शनिवार असेल तर सातला वाजव, नाहितर साडेदहाला. दहा वर्षं शाळा त्या घंटेवर भरत होती. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी ती वाजलीच नाही. मुलं मैदानात उभी, पालक उभे. हेडमास्तर त्याला सगळ्यांदेखत बोलले.

त्यानं ओसरीवर दोन ओळी लिहिल्या. चूक माझीच होती. मला शुद्धलेखन येत नाही, माफी असावी.

मग तो आला नाही. शाळेत आता लोखंडी टोल टांगलाय आणि कोळेकर तो हातानं देतो, असं सरांना कुणीतरी कळवलं होतं. सर त्या दिवशी जेवले नव्हते. डबा तसाच परत आला होता, म्हणून मला माहीत.

हृषीकेश टेबलावर पुढं झुकला.

“तो शब्द चूक आहे, हे तुम्हाला ठाऊक होतं?”

“पहिल्या दिवसापासून.”

“मग त्यांना सांगितलं का नाही?”

सरांनी शेंगेची शीर ओढली. लांबलचक निघाली.

“तो आपणहून आला होता,” सर म्हणाले.

हृषीकेश वाट बघत राहिला. सरांनी पुढची शेंग घेतली.

“आणि मला? मी बदललं ते तुम्ही त्याच दिवशी पाहिलंत. मला तरी थांबवायचं.”

“तूही आला होतास.”

...

मला उठावंसं वाटलं. पण उठले नाही. मी सरांच्या पुढ्यातली एक शेंग उचलली आणि सोलायला लागले.

हृषीकेशनं लॅपटॉप सरांकडं फिरवला. दिवाळीनंतर त्यानं जुना शब्द परत घातला होता. आता पहिली वेलांटीही चालते, दुसरीही चालते. जे गेले त्या एकेकाला त्यानं पत्र लिहिलं होतं. माफी मागितली होती. हे सगळं त्यानं शाळेत पाठांतर म्हणून दाखवावं तसं सांगितलं, खाली बघून.

“चार महिने झाले. रोज सकाळी उघडून बघतो. कुणी नाही.”

सरांनी पडद्याकडं पाहिलं. मीही मान लांब करून पाहिलं. पांढरं पान होतं.

“सगळं चालतंय, सर. एक दोष शिल्लक नाही. इतकी नीट ती कधीच नव्हती. आणि कुणी नाही.”

त्यानं बाहीनं डोळे पुसले. चौतिशीतला माणूस. मी शेंगेकडं बघत राहिले.

थोड्या वेळानं त्यानं खरं काय ते सांगितलं. तो ओसरी बंद करायला आला होता. पानावर तशी पाटी लावायची, बस. आता ही भाषा कुणी सांभाळत नाही, एवढंच लिहायचं. सहा वर्षांच्या संध्याकाळी एका ओळीत. पाटी लिहून तयार होती. ती लावायची की नाही, हे एका माणसावर होतं.

“कोळेकर परत आले तर बाकीचे येतील,” तो म्हणाला. “पहिला माणूस तो. त्यांनी एक ओळ लिहिली तरी पुरे, मी पाटी लावत नाही. तुम्ही रविवारी त्यांना फोन केला होता ना, सर?”

“केला.”

“पुन्हा लिहा म्हणालात?”

“म्हणालो.”

“मग? काय म्हणाले?”

सरांनी शेंगा ताटात एका बाजूला केल्या. हात पंचाला पुसले. एकेक बोट पुसलं.

“लिहितो म्हणाले का?”

“ताक घे,” सर म्हणाले. “उन्हाचा आलायस.”

हृषीकेशनं तांब्या पुढं ओढला. झाकणावर माझी चिठ्ठी होती.

चिठ्ठीचं असं आहे. सर दुपारी झोपतात. मी काही पाठवलं तर दोन्ही दारांमधल्या कट्ट्यावर ठेवते आणि वर चिठ्ठी. भाजी तिखट झालीय, जपून खा नाहितर ठसका लागेल. डबा आत घ्या नाहितर मांजर येईल. सहा वर्षं झाली, बाई गेल्यापासून. सर कधी उत्तर लिहीत नाहीत. रिकाम्या भांड्यात चार शेवग्याच्या शेंगा नाहीतर कढीपत्ता ठेवून भांडं परत करतात. मी नववीत शाळा सोडली. लग्नानंतर किराणाच्या यादीशिवाय काही लिहिलं असेल तर त्या चिठ्ठ्याच. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. दुपारी भांडी झाली की आज काय लिहावं याचा मी विचार करायची.

त्या दिवशी लिहिलं होतं: आजच संपवा नाहितर आंबेल.

हृषीकेशनं चिठ्ठी वाचली. मग त्याचा हात खिशाकडं गेला, पेन निघालं, आणि त्यानं माझी पहिली वेलांटी खोडून दुसरी काढली. मुद्दाम नाही. समोरच्याच्या खांद्यावरचा दोरा आपण बोलता बोलता काढून टाकतो, तसं. काढली सुद्धा छान, वळणदार.

मग त्याचा हात तिथंच थांबला.

तो चिठ्ठीकडं बघत राहिला.

बाहेर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली... दुसरी झाली.

तीस वर्षं सरांनी मुलांच्या वह्यांवर लाल रेघा मारल्या. माझ्या चिठ्ठ्या शेकड्यानं त्यांच्या हातात गेल्या असतील.

मी उठले. चिठ्ठी त्याच्या हाताखालून काढून घेतली. हसले. म्हटलं, मेलं, आमच्या शाळेतल्या बाईंनी कधी सांगितलंच नाही, बरं झालं तुम्ही सांगितलंत. तो सॉरी म्हणाला, दोनदा म्हणाला. मी म्हटलं, अहो त्यात काय, चूक ती चूकच. चिठ्ठीची घडी केली. घडीची घडी केली, आणि कमरेला खोचली.

सर माझ्याकडं बघत होते.

“वहिनी, उद्या चिठ्ठी लिहाल ना?”

“न लिहायला काय झालं?” मी त्यांच्याकडं न बघता म्हटलं. “लिहीन की.”

हृषीकेश पेनाला टोपण लावत होता. ते बसत नव्हतं.

सर त्याच्याकडं वळले.

“कोळेकर हेच म्हणाला.”